पुलाचा गेम

जव्हार,
होळीच्या तोंडावर

प्रिय नितीन,

पाकीट हातात पडलं की आधी हसशील. हैदराबादेत बसून दिवसभर फोनवर जगाची गाऱ्हाणी ऐकणाऱ्या भावाला बहीण टपालानं पत्र पाठवते, तेही फुलस्केपवर, पाठपोट. हस बाबा. पत्राचं एक बरं असतं, ते मध्येच तोडता येत नाही. फोनवर तुझ्या थोरल्याचं, कमलेशचं, नाव निघालं की तुझी रेंज जाते आणि मी पुन्हा लावला की तू मीटिंगमध्ये असतोस. आज मीटिंग नाही आणि रेंज जायची सोयही नाही. चहा घे आणि बस. सगळं ओळीनं सांगणार आहे, ओळीनंच वाच. शेवटचं पान आधी बघायची तुझी शाळेपासूनची खोड आज तेवढी सोड.

घरचं आधी. आई बरी आहे. गुडघा धरतो, तरी पोशेऱ्याहून बाजाराला यायचं सोडत नाही. तुझ्या दाजींच्या जीपमध्ये पुढची सीट तिची ठरलेली, मग मागे माणसं कोंबली गेली तरी तिला पर्वा नाही. दुकानात येऊन बसली की मोबाइल दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकांना विचारते, तुमच्याकडे नाचणी कशी झाली? आपली बरी झाली. मोहाची फुलं पडायला लागलीत, सकाळी सगळ्या पाड्यावर तो गोडसर वास असतो. दुकानाला मी नवा बोर्ड केला आहे. ‘रंजना मोबाइल रिपेअरिंग, जुने गेम घेणे-देणे’. पेंटरनं माझं नाव एवढं मोठं काढलंय की दाजी म्हणतात, आता निवडणुकीला उभी राहा.

‘घेणे-देणे’ वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. दिवाळीतलं आपलं भांडण मी विसरलेले नाही. तू म्हणालास, ताई, तुझा धंदा म्हणजे गेम बनवणाऱ्याच्या पोटावर पाय. एक सीडी दहा हातांतून फिरते आणि त्याला पैसे मिळतात एकदाच. शिवाय माणूस गेम विकत घेतच नाही, तो खेळायची परवानगी घेतो, आणि परवानगी पुढे विकता येत नाही. मी म्हटलं, मग मी बाजारातून कोयता घेतला तर तो काय लोहाराची परवानगी झाली? तू म्हणालास, कोयत्याची गोष्ट वेगळी. तुम्हा शहरातल्यांची गोष्ट कायम वेगळीच असते. अरे, आपल्याकडे पहिल्या हाताचं येतंच काय? जीप शहरात थकली की आपल्या घाटात येते. स्वेटर कोणाच्या तरी अंगावर विटल्यावर बाजारात येतात. भिवंडीच्या गोदामात राबणारा पोरगा जुनं मशीन घेऊन होळीला घरी येतो, पडवीत लावतो आणि अख्खा पाडा बघायला जमतो. तुमच्या नव्या मशीनला म्हणे सीडी घालायला फटच ठेवलेली नाही. ते त्याच्या पडवीत कधी पोचणार? जुन्याचा बाजार बंद झाला तर आमच्या पोरांनी गेम बघायचे कुठे, तुमच्या जाहिरातीत? मी चांगलीच तापले होते. पण तू शेवटी जे बोललास ते कानात राहिलं. तू म्हणालास, आमच्या गेम कंपनीत नियम आहे, माणूस मेला की त्याचं खातं त्याच्याबरोबर जातं. बायकोला मिळत नाही, मुलाला नाही, भावाला नाही. लोक फोनवर रडतात आणि मी त्यांना तो नियम वाचून दाखवतो. हे सांगताना तुझा आवाज अगदी सपाट झाला होता. मग तुझी रेंज गेली.

तर आता मूळ गोष्ट. माघात एका दुपारी वांगणीचा लाडक्या दुकानात आला. भिवंडीला गोदामात माल चढवतो, हाडकुळा, बोलायला भित्रा. गोणपाटात गुंडाळलेलं गेमचं मशीन त्यानं काउंटरवर ठेवलं, सोबत एकच रिमोट आणि आत अडकलेली सीडी. म्हणाला, ‘ताई, घेऊन टाका, काय द्यायचं ते द्या.’ मी विचारलं, बिघाड काय? तर म्हणतो, ‘बिघाड नाय. गेम चांगला हाय. पण आत कोण तरी पयल्यापासून उभा हाय, तो हटं नाय.’ मी हसले. जुन्या मशीनमध्ये आधीच्या मालकाचा खेळ राहतो, हे मला रोजचं. अर्धे लोक न पुसताच विकतात. मी मशीन उलटं केलं, खालचं झाकण खोललं आणि हात तिथंच थांबला. पंख्याशेजारी एक स्क्रू पितळी होता. मिक्सरचा. हवेच्या जाळीत लाल कुंकवाची भुकटी चिकटलेली.

तो स्क्रू मीच बसवला होता, नितीन. तू आणि कमलेश ठाण्याच्या खोलीवरून मशीन घेऊन आला होता, घरघर करतंय म्हणून. मूळचा स्क्रू माझ्या हातून फरशीच्या फटीत गेला आणि मी मिक्सरचा ठोकून दिला. कमलेश म्हणाला होता, आता यात गेमबरोबर चटणीपण होईल. आणि कुंकू आईचं. दसऱ्याला कोयता, विळा, पहार यांच्या रांगेत तिनं तेही मांडलं होतं, तुम्ही कितीही ओरडलात तरी. मी आपली तीन वर्षं समजत होते की ते मशीन तुझ्याजवळ हैदराबादला आहे, उशाशी. तू ते ठाण्यातच विकून गेलास, हे मला लाडक्याच्या गोणपाटातून कळलं. परवानगीवाला माझा भाऊ! पण खरं सांगते, राग आला नाही. तू ते का ठेवू शकला नाहीस ते मला कळतं. मीच असते तर विकलं नसतं, विहिरीत टाकलं असतं.

त्या गेमचं इंग्रजी नाव मला कधी धड उच्चारता आलं नाही. आपण ‘पुलाचा गेम’ म्हणायचो. दोन वाटाडे दरीतून चालत जातात, एकाला दुसऱ्याशिवाय काहीच करता येत नाही. एकानं दोर धरायचा, दुसऱ्यानं चढायचं. शेवटाकडे फळ्यांचा झुलता पूल येतो. दोघांनी मिळून दोर ताणल्याशिवाय त्यावर पाय ठेवता येत नाही. तीन वर्षांमागे गावच्या बोहाड्याला, मुखवटे बांधून सोंगं नाचवायला, निघायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही पुलापर्यंत आला होता. कमलेश म्हणाला, आता राहू दे, परत आल्यावर दोघं मिळून पार करू. हे तूच मला त्याच्या दिवसकार्याला सांगितलंस, भिंतीकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशी तुझी सुट्टी ऐनवेळी रद्द झाली आणि तो एकटाच मोटारसायकलवर निघाला. जव्हारला दुकानात थांबला, चहा घेतला, मुखवट्याला लावायला रंग घेतला. मोखाड्याच्या वाटेवर घाटातल्या वळणाला गाडी खाली गेली. दुसरं हेल्मेट मागच्या सीटला बांधलेलं होतं, तुझं. त्याला ओरखडाही नव्हता. मी तेव्हाच तुला म्हटलं होतं आणि आज लिहून देते, तू मागे बसला असतास तर आईचे दोन गेले असते. यात तुझा काडीचा दोष नाही. तू ऐकत नाहीस ही गोष्ट वेगळी.

लाडक्या गेल्यावर मी मशीन दुकानातल्या टीव्हीला जोडलं. टळटळीत दुपार होती, समोर रस्त्यावर कलिंगडवाला ओरडत होता. गेम सुरू झाला तो थेट पुलाशी. अलीकडच्या काठाला एक वाटाड्या उभा, डोक्यावर नाव, कमलेश. एवढं होणारच होतं. तुम्ही खेळ तिथं ठेवला होता, तो तिथं राहिला. मला भुताखेतांचं वेड नाही हे तुला ठाऊक आहे. भगताकडे जाणाऱ्या बायकांची मी तोंडावर टिंगल करते. पण तो दरीकडे बघत नव्हता, मागे बघत होता. आलेल्या वाटेकडे, म्हणजे जिथून दुसरा यायचा तिकडे. आणि डाव्या पायावर भार टाकून सावकाश हलत होता. माझ्याकडे त्याच गेमची आणखी एक सीडी होती. ती दुसऱ्या मशीनवर लावली आणि पुलापर्यंत नेली. तिथला वाटाड्या सरळ उभा राहतो, तोंड पुलाकडे. मी चारदोनदा करून बघितलं. मागे वळून कोणीच बघत नाही.

मग मी लाडक्याला फोन लावला. त्यानं ते उल्हासनगरच्या माणसाकडून घेतलं होतं, त्या माणसानं कळव्याच्या दुकानातून. कोणाकडेच ते टिकलं नाही. ‘नवीन खेळ लावला तरी तोच येतो,’ लाडक्या म्हणाला, ‘आणि ताई, आपण खेळायला बसलो की तो एकदा आपल्याकडं बघतो, अन परत मागं बघतो. आपण नाय तो, जो त्याला पायजे.’ फोन ठेवला. मी मशीन पार पुसून टाकलं, कारखान्यातून आल्यासारखं कोरं केलं. कमलेशचं नावही पुसलं. आणि आईच्या नजरेला पडायच्या आत दुकानाबाहेर काढायचं म्हणून विकलं. शिरपामाळाजवळ रघ्यानं पर्यटकांसाठी तंबू टाकलेत, त्याला पाहुण्यांच्या करमणुकीला काहीतरी हवंच होतं. विकलं की विकलं, हे माझंच तत्त्व. दोन बाजारांच्या आत रघ्या ते परत घेऊन आला. त्याला मी सीडी वेगळीच दिली होती, मोटारींच्या शर्यतीची. म्हणाला, नाशिकच्या पाहुण्यांची मुलं खेळायला बसली तर गाड्या नाहीतच, दरी आणि एक माणूस. मुलांनी त्याला पुढे ढकललं तर तो वळून त्यांच्याकडे बघत राहिला, मुलं रडायला लागली. रघ्यानं वर मलाच सुनावलं, ‘कोणाची वस्तू विकतेस ते आधी बघत जा.’ त्या दोडक्यानं मला असं बोलावं!

इथं तुला मुखवट्याची आठवण करून द्यायला हवी. तू म्हणशील, ताई कुठून कुठे गेली. जरा थांब. आपल्या घराकडे बोहाड्यातलं वेताळाचं सोंग आहे, आजोबांपासून. ते विकायचं नाही, कोणाला उसनं द्यायचं नाही. नाचणारा थकला किंवा गेला की पुढच्यानं मुखवट्यासमोर उभं राहायचं, आधीच्याचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, तुझं नाचणं झालं, आता माझी बारी. तेवढं म्हटलं की आधीचा मोकळा होतो आणि पुढचा बांधला जातो. कमलेशनं बाबांसाठी म्हटलं होतं, तू शेजारी उभा होतास. कमलेशसाठी अजून कोणी म्हटलेलं नाही. तीन वर्षं मुखवटा ओटीवर तसाच टांगलेला आहे, त्यानं आणलेल्या रंगाची डबी खाली वाळून गेली. पाड्यावरचे तुकाकाका दर शिमग्याला येतात, मुखवट्याकडे बघतात आणि म्हणतात, सोंग रिकामं राहत नाही. धाकट्यानं आपणहून बारी घेतली नाही तर थोरला त्याला न्यायला येतो. गेल्या वर्षी मी तुला हे फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालास, ताई, ते लाकूड आहे. मलाही तेव्हा ते लाकूडच वाटत होतं.

रघ्यानं मशीन परत आणलं तो बाजाराचा दिवस होता. मी ते टीव्हीला जोडून बघत होते आणि मागे आई कधी येऊन उभी राहिली ते कळलंच नाही. कडेला पिशवी ठेवून ती टीव्हीसमोरच्या स्टुलावर बसली. तिनं आयुष्यात त्या मशीनला दसऱ्याखेरीज हात लावलेला नाही. वरचं नावही तिला वाचता येत नाही. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘माझा पोऱ्या हाय तो. पाय बघ त्याचा.’ मी म्हटलं, आई, ते चित्र आहे, सगळ्यांचं असंच असतं. तिनं माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. मुखवटा बांधून झाला की संबळ वाजेपर्यंत कमलेश तसाच उभा राहायचा, डाव्या पायावर झुलत, मागे वळून बघत, तू टेंभा घेऊन आलास की नाही ते. मी हजारदा बघितलं होतं आणि मला ओळखता आलं नाही. आईला आलं. ती रडली नाही. उलट तिचा चेहरा निवळला. म्हणाली, ‘इतकी वर्सं उभा हाय. कोण मोकळा करं नाय त्याला.’

आणि मग ती उठली. पदर नीट केला. मी कॅशच्या खणात काहीतरी शोधत होते, तिचं बोलणं कानावर आलं तोवर अर्धं होऊन गेलं होतं. टीव्हीसमोर हात जोडून, मुखवट्यासमोर म्हणतात त्याच चालीत, ती म्हणत होती, ‘कमलेश, तुझं नाचणं झालं रे बाबा. आता नितीनची बारी.’ नितीन, असं दुसऱ्यानं म्हणायचं नसतं. ज्याची बारी त्यानंच, स्वतःच्या तोंडानं. तिच्या मनात काय होतं ते मला पुरतं ठाऊक आहे. थोरला सुटावा आणि धाकटा घरी यावा, बोहाड्याला उभा राहावा, एवढंच. आई आहे ती. पण तिनं ते ओटीवरच्या लाकडासमोर म्हटलं नाही, या मशीनसमोर म्हटलं. पिशवी उचलून ती हलक्या पावलानं जीपकडे गेली. जाताना माझ्यासाठी काकड्याही ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शटर उघडून टीव्ही लावला. पुलाशी दोघं उभे होते. दुसऱ्याच्या डोक्यावर नाव होतं, नितीन. आता तू म्हणशील, जुनं खातं कुठंतरी राहिलं असेल, ते वर आलं. मीही तेच म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, दुकानात कोणी नसताना. पण मशीनला रिमोट एकच आहे, नितीन, आणि तो माझ्या खणात होता, सेल काढलेला. दुसरा वाटाड्या दुसरा रिमोट जोडल्याशिवाय येतच नाही, हे तूच मला शिकवलंस. आणि पहिला, कमलेश म्हण, वाटाड्या म्हण, तो आता मागे बघत नव्हता. त्याचं तोंड पुलाकडे होतं.

मी लगेच तुला फोन लावला. बंद. संध्याकाळी बंद, दुसऱ्या दिवशी बंद. दाजी म्हणाले, होळीच्या आसपास तो दरवर्षी फोन बंद ठेवतो, त्याच्या भावाचा दिवस असतो, जरा धीर धर. हे खरं आहे. मी मनाला तेच समजावते. तुझ्या कंपनीच्या नंबरवरही लावला. तिथं एक बाई सांगते, मराठीसाठी हे दाबा, खात्यासंबंधी हे दाबा. सगळं दाबून झालं, माणूस काही येईना. तुझ्याच नियमांत मला तू सापडेनास.

मशीन बंद करायचा धीर होत नाही. मध्ये एकदा लाइट गेली तर दाजींच्या जीपची बॅटरी आणून इन्व्हर्टरला जोडली. तेही आता हसत नाहीत. रोज दुपारी मी बघते. आधी दोघं नुसते शेजारी उभे होते. मग दोघांच्या हातात दोर आला. मग पूल ताणला गेला. मी त्यांना चालताना कधी बघितलं नाही. बघावं तेव्हा स्थिर असतात, फक्त आदल्या दिवशीच्या पुढे असतात. कमलेश पुढे, दुसरा मागे. मागच्याची मान खाली असते, तू लहानपणी साकवावरून जाताना घालायचास तशी. आईला मी फोन बंद असल्याचं सांगितलेलं नाही. तिला सगळं छान वाटतंय. बाजाराच्या दिवशी येते, स्टुलावर बसते, दोघांकडे बघते आणि माझ्यासमोर सुपारी कातरत म्हणते, ‘आता बरं वाटं हाय. एकटा नाय तो.’ असं ती म्हणाली ना की मला उठून तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटतो, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसंही वाटतं.

आता हे पत्र टपालानं का, ते. पोस्टातल्या बाईंना मी विचारलं, असं पाठवता येतं का की घेणाऱ्याच्या सहीचा कागद माझ्याकडे परत येईल? त्या म्हणाल्या, पोचपावती लावा. लावली आहे. मला तुझी समजूत नको, खुलासा नको, मला ती सही हवी आहे, तुझ्या हातची. वॉचमनची नको, खोलीतल्या जोडीदाराची नको. तू हे इथवर वाचत असशील तर सही झालेलीच असणार, मग ताईला खुशाल वेडी म्हण आणि पोटभर हस. पण हसून झालं की ये. मुखवट्यासमोर उभा राहा आणि घेतो म्हण किंवा घेत नाही म्हण, मी दोन्हीला तुझ्या बाजूनं आहे, पण तुझ्या तोंडानं म्हण. दिवाळीचं भांडण तू जिंकलास, लेखी देते. वस्तू दहा हातांतून फिरली तर फिरू दे, माणसाची बारी मात्र दुसऱ्यानं देऊन टाकायची नसते, आईनंही नाही. मोटारसायकलवर येऊ नकोस, गाडीनं ये आणि मोखाड्याच्या घाटात डोळे मिटून बस. आज सकाळी बघितलं तेव्हा पुढचा पलीकडच्या काठावर पोचला होता. तो आता मागे वळला आहे आणि त्यानं हात पुढे केला आहे. मागच्याला एकच फळी उरली आहे. पोचपावती परत यायला किती दिवस लागतात म्हणून मी पोस्टात विचारलं, तर बाई म्हणाल्या, सांगता येत नाही.

तुझीच,
पोस्टाच्या पायरीवर बसून पाकीट चिकटवणारी,
रंजनाताई